बैठकीत सुरी नको

मालेगावचं नाव अरबीत छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या छापखान्यातल्या चहाच्या बाकावर. मी नाशिकला मुद्रितशोधक होतो. आमच्याकडे उर्दूचे खिळे नव्हते. मालेगावहून कोणी उर्दू लग्नपत्रिका किंवा जलशाची जाहिरात आणली, की मजकूर कातिबाच्या हातून लिहून घ्यायचा, त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा आणि तो मराठी मजकुराबरोबर फर्म्यात बसवायचा, अशी आमची सोय. एक कातिबसाहेब त्यासाठी एसटीने यायचे. ब्लॉक तयार होईपर्यंत दोन-तीन तास त्यांना काम नसे. मग ते माझ्या टेबलामागे उभे राहून बघत असत.

माझा कॉपी होल्डर हस्तलिखित मोठ्याने वाची, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि मी गॅलीवर पेन्सिल चालवी. एकदा कातिबसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमचं हे काम आमच्याकडे हजार वर्षांपूर्वी झालंय. छापखाना तेवढा नव्हता." मी हसलो. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून एक जाड अरबी पुस्तक काढलं आणि पहिल्या पानावर खालच्या बाजूला बोट ठेवलं. "वाचा. मीम, अलिफ, लाम... मालेगाव."

पुस्तक होतं 'किताबुझ् झुह्द', विरक्तीविषयीच्या हदीसा आणि वचनांचा संग्रह. प्रकाशक मजलिस इह्याउल मआरिफ, मालेगाव, साल १९६६. संपादक मौलाना हबीबुर्रहमान आझमी, उत्तर प्रदेशातल्या मऊचे. मऊ हे हातमागाचं गाव. मालेगावची मोमीन विणकर घराणी १८५७ नंतरच्या धामधुमीत त्याच मुलखातून आग्रा रोडने खाली उतरलेली. कातिबसाहेबांचे पणजोबाही त्यांतले. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आझमी हे कोणी मोठे पंडित असण्याआधी 'आमच्याकडचे' होते. मी मात्र पुढे कित्येक वर्षं इंग्रजी ग्रंथांच्या तळटिपा वाचताना या गावाला भेटत राहिलो. लायडन, बैरूत, कैरो आणि मध्येच मालेगाव. ज्या गावाची आठवण आम्हाला लुंगी आणि लोडशेडिंगवरून व्हायची, ते गाव तिथे निमूट बसलेलं असे.

मूळ ग्रंथाचा कर्ता अब्दुल्लाह इब्न मुबारक हा मर्वचा, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानातला. जन्म ७३६, मृत्यू ७९७. बाप तुर्क, आई ख्वारझमची, धंदा व्यापाराचा. विरक्तीवर लिहिणारा माणूस हिशेब ठेवणारा होता, हे मला आवडलं. त्याची एक गोष्ट जुने चरित्रकार सांगतात. सीरियात त्याने कोणाची तरी लेखणी उसनी घेतली आणि द्यायची राहिली. मर्वला घरी पोचल्यावर ती सामानात सापडली, तेव्हा तो परत सीरियाला गेला आणि लेखणी देऊन आला. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर दोन हजार किलोमीटरांहून जास्त भरतं. माझ्या टेबलावरून गेलेली एकही पेन्सिल कधी परत आली नाही, म्हणून ही गोष्ट माझ्या मनात बसली असावी. ती खरी की रचलेली हे कोण सांगणार? पण कोणत्या माणसाविषयी लोकांना अशी गोष्ट सांगावीशी वाटते, हे तरी कळतं.

हदीस म्हणजे पैगंबर मुहंमदांचं बोलणं, वागणं, कधी त्यांचं नुसतं गप्प राहणं, यांची सांगितलेली हकीकत. तिचे दोन भाग असतात. मजकूर तो मत्न. त्याच्या आधी सनद: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याला फलाण्याने. वकिलाची सनद, इनामाची सनद हे शब्द आपण सहज वापरतो. मूळ अरबीत सनद म्हणजे टेकू, ज्याला पाठ टेकता येते ते. बुखारीने जमवलेल्या 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहातली पहिली हदीस घेतली तर बुखारी आणि पैगंबर यांच्यामध्ये सहा माणसं उभी आहेत. बुखारीला लागून उभा असलेला पहिला हुमैदी, मक्केचा. या हुमैदीचा स्वतंत्र संग्रहही पुढे मऊच्या आझमींनीच संपादित केला.

सुरुवातीला नावं विचारायची पद्धत नव्हती. मुसलमानांमधलं पहिलं यादवी युद्ध झालं, बाजू पडल्या, आणि मग 'हे तुला कोणी सांगितलं?' हा प्रश्न आला, असं बसऱ्याच्या इब्न सीरीनने नोंदवून ठेवलं आहे. तो ७२८ मध्ये वारला. भांडणातून पुराव्याची सवय लागते, हे आमच्याकडच्या भाऊबंदकीच्या दाव्यांवरून मला पटायला वेळ लागला नाही.

या सवयीचं मोल मला कळलं ते स्वतःच्या चुकीवरून. आठव्या दशकाच्या शेवटी एका घराण्याचा कुलवृत्तांत आमच्याकडे छापायला होता. पानोपानी 'गोविंद, त्याचा पुत्र विष्णू, त्याचा पुत्र गोविंद'. एके ठिकाणी कंपोझिटरची नजर पहिल्या गोविंदावरून दुसऱ्यावर गेली, मधली ओळ उडाली, आणि ती माझ्याही नजरेतून सुटली. अख्खी पिढी गेली. पुस्तक बांधून झाल्यावर घराण्यातल्या एका आजीबाईंचं पोस्टकार्ड आलं: छापल्याप्रमाणे मुलगा जन्मला तेव्हा बाप मरून बारा वर्षं झाली होती, तरी खुलासा व्हावा. शुद्धिपत्र चिकटवावं लागलं.

कातिबसाहेबांना हे सांगितलं तर ते उडालेच. त्यांच्या शास्त्रात याच्या जोडीची गोष्ट होती. सीरियाचा इस्माईल इब्न अय्याश इराकात गेला असता एक जण खालिद इब्न मादानकडून ऐकलेल्या हदीसा सांगत बसलेला होता. इस्माईलने विचारलं, कोणत्या साली ऐकल्यास? तो म्हणाला, एकशे तेरा हिजरी. खालिद वारला होता एकशे सहा साली. म्हणजे तो मेल्यानंतर सात वर्षांनी तू त्याला भेटलास तर, एवढंच इस्माईल बोलला. आमच्या आजीबाई आणि हा इस्माईल एकाच जातकुळीचे. जन्ममृत्यूच्या सालांचे, प्रवासांचे, गुरूंचे आणि शिष्यांचे जाडजूड कोश या लोकांनी तयार केले ते असल्या कामासाठी. त्यांतले पुष्कळ पहिल्यांदा छापले गेले हैदराबादेत, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफमध्ये. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

पण मला खरी ओढ लागली ती त्यांच्या प्रूफवाचनाची. दमास्कसच्या इब्न सलाहने (मृत्यू १२४५) या विद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यातलं हस्तलिखिताविषयीचं प्रकरण मी भाषांतरातून वाचलं आणि एखाद्या जुन्या फोरमनला भेटल्यासारखं झालं. प्रत उतरवून झाली की मूळ प्रतीशी ताडून बघायची. तिला शब्द मुकाबला. मराठीत मुकाबला म्हटलं की आता कुस्ती किंवा क्रिकेट आठवतं. त्या अर्थाने आपण रुजवात म्हणतो. सरकारी नकलेखाली 'रुजवात घेणार' म्हणून सही असते, ती हीच. प्रत्येक हदीस संपली की एक छोटं वर्तुळ काढायचं, आणि ताडून झाल्यावरच त्यात टिंब द्यायचं, अशी खतीब बगदादी या हदीसच्या अभ्यासकाची शिफारस. पोकळ वर्तुळ दिसलं की समजावं, इथवर अजून कोणी आलेलं नाही. बैठक जिथे थांबली तिथे समासात 'इथवर पोचलो' अशी खूण. सुटलेला शब्द समासात लिहायचा, तिथवर रेघ न्यायची आणि शेवटी 'बरोबर' म्हणून शिक्का मारल्यासारखा शब्द टाकायचा. आमच्या खुणाही जवळपास अशाच.

एक खूण आमच्याकडे नव्हती आणि असायला हवी होती. शब्द चुकीचा वाटतो, पण गुरूकडून असाच आलेला आहे. मग काय करायचं? बदलायचा नाही. त्याच्यावर एक लांबट, अर्धवट अक्षर काढायचं. अर्थ असा, की परंपरा अशीच आहे, मला शंका आहे, पुढच्याने बघावं. मी चाळीस वर्षं लेखकांची वाक्यं 'सुधारली'. त्यांतली किती मूळचीच बरोबर होती याचा विचार त्या पानावर पहिल्यांदा आला.

आणि सुरी. चुकलेलं अक्षर खरवडून काढायला लेखनिक जवळ सुरी ठेवत. इब्न सलाह नोंदवतो, की वाचनाच्या बैठकीत सुरी आणलेली जुन्या गुरूंना आवडत नसे. आज चूक वाटून खरवडलेला शब्द उद्या दुसऱ्या परंपरेत बरोबर ठरला तर? म्हणून खोडायचं ते वरून एक रेघ ओढून, खालचं वाचता येईल असं. आमच्या फोरमनने हे ऐकलं असतं तर त्यांनी कंपोझ खात्यातल्या ब्लेडची पेटीच जप्त केली असती.

हे सगळं लिखाणाविषयी झालं. त्यांचा भरवसा मात्र कानावर होता. पुस्तक हातात असणं पुरेसं नाही; ते कोणाच्या तरी समोर वाचलं गेलं पाहिजे. आणि कसं वाचलं गेलं ते क्रियापदात सांगितलं पाहिजे. गुरूच्या तोंडून ऐकलं तर 'हद्दसना', त्याने आम्हाला सांगितलं. शिष्याने वाचलं आणि गुरूने ऐकून मान्य केलं तर 'अखबरना', त्याने आम्हाला खबर दिली. आपली खबर, आपले अखबार इथलेच. एकटाच असलो तर 'आम्हाला'ऐवजी 'मला'. नुसतं 'अमक्याकडून' म्हटलं की कान टवकारायचे, कारण त्यात प्रत्यक्ष भेट झालीच असं नाही. नुसतं पुस्तक सापडलं असेल तर तसंच म्हणायचं: अमक्याच्या अक्षरात मला हे आढळलं. बाजारातून जुनी पोथी विकत घेऊन 'मी ऐकलं' म्हणणारा खोटारडा. लेखनिक कंटाळून 'हद्दसना'चं नुसतं 'ना' करत, पण कोणता 'ना' कशाचा हे ठरलेलं होतं. मुस्लिम, बुखारीनंतरचा दुसरा मोठा संग्राहक, या क्रियापदांबाबत इतका काटेकोर होता, की एकाच हदीसेत दोन गुरूंनी दोन वेगळी क्रियापदं वापरली असली तर दोन्ही नोंदवी.

एका हदीसेसाठी माणसं किती चालली, यावर खतीबने वेगळं पुस्तकच लिहिलं आहे. पैगंबरांचे सहवासी जाबिर यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभराची वाट तुडवून सीरिया गाठलं, एकच हदीस ऐकायला. अबू अय्यूब मदिनेहून इजिप्तला गेले, जे ऐकायचं ते ऐकलं, आणि थांबा म्हणत असताना उंट तसाच मागे वळवला.

बुखारीच्या बगदादमधल्या परीक्षेची गोष्ट तर मदरशातल्या पोरांनाही पाठ असते. दहा जणांनी दहा-दहा हदीसा घेतल्या, सनदांची अदलाबदल केली आणि भर सभेत त्याला विचारल्या. प्रत्येक वेळी तो म्हणाला, ही मला माहीत नाही. शंभर झाल्यावर त्याने पहिल्यापासून सुरुवात केली: तू अशी सांगितलीस, ती अशी आहे. लोक त्याच्या ज्ञानाचं कौतुक करतात. इब्न हजर या भाष्यकाराने नेमकं बोट ठेवलं आहे: बरोबर हदीसा त्याला येणारच, नवल हे, की शंभर चुका एकदा ऐकून त्याने क्रमाने परत म्हणून दाखवल्या. ही दाद मुद्रितशोधकाच्या जातीचा माणूसच देऊ शकतो.

आता मी ज्या माणसासाठी हा लेख लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

बुखारी ८७० मध्ये वारला. त्याच्याकडून ग्रंथ ऐकणारा फिरब्री जवळजवळ नव्वद वर्षं जगला. त्याच्याकडून सरख्सीने ऐकला, सरख्सीकडून दाऊदीने. दाऊदी हेरातजवळच्या बूशंजला राहायचा. हिजरी ४६५ मध्ये तो एक्क्याण्णव वर्षांचा होता, आणि हेरातच्या एका बापाने ठरवलं, की सात वर्षांच्या मुलाला त्याच्याकडून ग्रंथ ऐकवायचा. मुलगा अबुल वक्त. दोघं पायी निघाले. बापाने मुलाच्या हातात दोन दगड दिले, घेऊन चाल म्हणाला. मुलगा दमला की एक टाकायला सांगायचा. मग हलकं वाटून पोर आणखी थोडं चालायचं. दुसराही फेकून झाल्यावर आणि पाय अगदीच गळाल्यावर बापाने त्याला खांद्यावर घेतलं. वाटेत शेतकरी म्हणाले, जनावरावर बसा. बाप म्हणाला, हदीस ऐकायला जाताना आम्ही बसणार नाही. पोर थकलं तर डोक्यावर घेईन. ही हकीकत अबुल वक्तने म्हातारपणी स्वतः सांगितली. तो पंचाण्णव वर्षांचा होऊन ११५८ मध्ये बगदादला वारला. त्याआधी इब्न झबीदी नावाच्या एका पोराने त्याच्याकडून ग्रंथ ऐकून ठेवला होता.

इथे युक्ती लक्षात येते. सगळ्यांत म्हातारा माणूस आणि सगळ्यांत लहान मूल यांना एका खोलीत बसवायचं. जितकी माणसं कमी तितकी चुकायची ठिकाणं कमी. इब्न झबीदी म्हातारा झाल्यावर दमास्कसला आला आणि हिजरी ६३० मध्ये, म्हणजे १२३३ च्या सुमारास, त्याच्यासमोर बुखारी वाचला गेला. दमास्कसची पद्धत अशी, की वाचन संपलं की प्रतीच्या शेवटी हजेरी लिहायची: कोणासमोर, कोणी वाचलं, कुठे, कोणत्या तारखेला, कोण कोण बसले होते, कोणाचा कोणता भाग चुकला. मुलं असली तर त्यांची वयंही. अशी तेराशेहून जास्त प्रमाणपत्रं, ११५५ ते १३४९ या काळातली, संशोधकांनी एकत्र छापली आहेत. बैठकीत झोपणाऱ्याचं, गप्पा मारणाऱ्याचं किंवा ऐकता ऐकता दुसरंच काही लिहिणाऱ्याचं ऐकणं धरायचं का, यावर तर गंभीर वाद झालेले आहेत.

ती पोरं मोठी झाली आणि पांगली. त्यातला एक अहमद पाथरवट झाला. हज्जार म्हणजे दगडाचं काम करणारा. दमास्कसबाहेर कासियून डोंगराच्या उतारावरच्या सालिहियात तो राहायचा, बरीच वर्षं पाथरवटांचा मुकादम होता, म्हातारपणी शिवणकामही करायचा. लहानपणी कधी काय ऐकलं याची त्याने कुठे वाच्यता केल्याचं दिसत नाही. मग १३०६ च्या सुमारास कोणीतरी जुन्या हजेऱ्या चाळत होतं आणि ६३० च्या यादीत त्याचं नाव निघालं. इब्न झबीदीकडून ऐकलेला माणूस अजून जिवंत आहे, आणि तो इथेच दगड फोडत होता! वयाची खात्री कशी करायची? त्याला आठवत होतं, की आपण लहान असताना लोक 'मुअज्जम गेला, मुअज्जम गेला' असं म्हणत होते. दमास्कसचा राजा मुअज्जम ६२४ हिजरीत वारला. साल जुळलं.

त्यानंतर हज्जारला विश्रांती नव्हती. दमास्कस, कैरो, हमा, होम्स, बालबेक. त्याच्यासमोर बुखारी साठ-सत्तर वेळा वाचला गेला. इजिप्तच्या सुलतानाने त्याच्याकडून ऐकलं आणि त्याला मानाचा पोशाख दिला. इतिहासकार इब्न कसीर त्याच्या शिष्यांपैकी एक. हज्जार ७३० हिजरीत वारला, ग्रंथ ऐकल्यावर बरोबर शंभर चांद्र वर्षांनी. आणि मरण्याच्या दोन-तीन वर्षं आधी त्याच्यासमोर चार वर्षांची एक मुलगी आणून बसवली गेली, आयेशा बिन्त अब्दुल हादी. ती १४१३ पर्यंत जगली. बगदादच्या परीक्षेतली खोच ओळखणारा इब्न हजर तिच्याकडे कैरोहून शिकायला आला होता.

बुखारीच्या मृत्यूपासून आयेशाच्या मृत्यूपर्यंत ५४३ वर्षं, आणि मध्ये माणसं सहा. मी हे बोटांवर तीनदा मोजलं.

चार वर्षांच्या पोरीने काय ऐकलं असेल, हा प्रश्न तुम्हाला पडला तसा मलाही पडला, आणि त्यांनाही पडला होता. एका सहवाश्याला आपण पाच वर्षांचे असताना पैगंबरांनी गंमत म्हणून तोंडावर पाण्याची चूळ टाकल्याचं आठवत होतं. त्यावरून रिवाज पडला: पाच पुरी झालेल्या मुलाच्या नावापुढे 'ऐकलं' असं लिहावं, त्याहून लहान असेल तर 'हजर होतं'. आयेशा हजर होती. आपली हजेरी, आपलं गैरहजर, त्याच धातूचे. इब्न सलाह तर सरळ कबूल करतो, की आपल्या काळात ग्रंथ पक्के झालेले आहेत, अशा सनदांवर मजकुराचं खरंखोटं ठरत नाही. हे चाललंय ते साखळी तुटू नये म्हणून. मला ही कबुली त्या साखळीइतकीच मोलाची वाटते. मजकुराची राखण खरोखर कोणी केली म्हणाल तर ती करीमासारख्यांनी. ही मर्वची बाई मक्केत राहून बुखारी सांगायची, १०७० च्या सुमारास वारली, लग्न केलं नाही. शिष्याची प्रत आपल्या मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय ती सोडत नसे. वर्तुळांत टिंबं द्यायला सांगणाऱ्या खतीबने हजच्या दिवसांत तिच्याकडे अख्खा ग्रंथ पाच दिवसांत वाचून काढला.

माणसांची परीक्षाही ते अशीच थंडपणे करत. इब्न लहीआ इजिप्तचा काझी, मोठा माणूस. त्याची पुस्तकं जळाली, तेव्हापासून तो आठवणीने सांगू लागला आणि चुकू लागला. परीक्षकांनी त्याला सरसकट बाद केलं नाही. कोणी त्याच्याकडून केव्हा ऐकलं ते बघा म्हणाले. आधी ऐकणाऱ्यांत आपला लेखणी परत करणारा इब्न मुबारक येतो; त्याचं घ्या. म्हातारपणी गोंधळलेल्यांच्या तर याद्याच आहेत. माझी पंच्याहत्तरी उलटल्यापासून मी त्या जरा बिचकत वाचतो.

हे सगळं नंतर रचलेलं, असं म्हणणारे युरोपात निघाले. गोल्डत्सिहेरने १८९० मध्ये शंका मांडली. शाख्तने १९५० मध्ये म्हटलं, सनदा मागे मागे वाढवत नेलेल्या आहेत. जितकी नीटनेटकी तितकी उशिराची. बनावट हदीसा ढिगाने झाल्या हे तर परीक्षकांनीच सांगून ठेवलं होतं. वाद होता तो बाकी काय उरतं याचा. उत्तरं शोधायला जुने, बुखारीच्या आधीचे संग्रह हवे होते. हैदराबादच्या मुहम्मद हमीदुल्लाह यांनी दमास्कस आणि बर्लिनच्या प्रतींवरून हम्माम इब्न मुनब्बिहची १३८ हदीसांची वही छापली. मऊच्याच मुस्तफा आझमींनी १९६६ मध्ये, म्हणजे मालेगावचं पुस्तक निघालं त्याच साली, केंब्रिजला प्रबंध लिहून शाख्तशी वाद घातला. आणि हबीबुर्रहमान आझमींनी येमेनच्या अब्दुर रझ्झाकचा 'मुसन्नफ' अकरा खंडांत उभा केला. तो बैरूतला १९७० ते ७२ मध्ये निघाला. जर्मन संशोधक मोत्स्कीने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि दाखवलं, की इथला प्रत्येक रावी, म्हणजे हदीस सांगणारा, वेगळा वागतो, कुठे 'मला आठवत नाही' म्हणतो, कुठे गुरूचं न पटल्याचं सांगतो. बनावट करणारा असा गबाळेपणा कशाला करेल? माझा अनुभव तोच आहे. फार स्वच्छ प्रूफ आलं की मी आधी मूळ प्रत मागवायचो.

दोनेक वर्षांपूर्वी शाबान महिन्यात कातिबसाहेबांनी मालेगावला बोलावलं. नातवाचा मदरशातला शेवटचा दिवस, खत्मे बुखारी. वर्षभर वाचत आणलेल्या ग्रंथातली शेवटची हदीस त्या दिवशी वाचतात. कातिबसाहेबांना आता जवळपास ऐकूच येत नाही. संगणक आल्यावर बोरूही सुटला. आम्ही मागे भिंतीला टेकून बसलो. बाहेर माग चालू होते, त्यांचा खडखडाट आत येत होता. मुलगा वाचत होता, मौलाना ऐकत होते. म्हणजे 'अखबरना', मी मनात म्हटलं.

त्याआधी सनद वाचली गेली. मौलानांचे गुरू, त्यांचे गुरू, दिल्लीचे शाह वलीउल्लाह, मग मदिनेतली नावं. मला अरबी येत नाही. नावांचा ओघ अंगावरून जात होता. मग इब्न हजर ऐकू आलं, मग तनूखी, आणि लगेच स्पष्ट, अगदी स्पष्ट: अल-हज्जार. मागोमाग झबीदी. अबुल वक्त. मी दचकून कातिबसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी हातानेच विचारलं, कुठवर आलं? शेजारच्या मुलाकडून पेन घेऊन मी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं: पाथरवट. ते मराठी सावकाश लावतात. लागल्यावर त्यांनी मान हलवली आणि, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, अख्ख्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपण दोघं नुसते हजर, मास्तर. ऐकलं ते पोराने."

परतीची एसटी चांदवडला थांबली तेव्हा चहाचे पैसे काढायला खिशात हात घातला, तर त्या मुलाचं पेन. मालेगावची गाडी समोरच्या फलाटाला लागलेली होती.